काका, मासासुद्धा बुडतो

पत्र : नमस्कार. मी बँकेतून निवृत्त झालो. साताऱ्यात शनिवार पेठेत आम्ही दोघंच असतो. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याचा नातू निळा फायटर मासा घेऊन आला आणि जाताना 'आजोबा, निळोबाला सांभाळा' म्हणून आमच्या गळ्यात घालून गेला. दुकानदारानं त्याला सांगितलं होतं, हा मासा वरची हवा घेतो, पंपबिंप काही लागत नाही, बाटलीतही मजेत राहतो. म्हणून हिच्या लोणच्याच्या दोन लिटरच्या बरणीत ठेवला. शेजारचं मांजर येतं, शिवाय हा उडी मारतो असं ऐकलं, म्हणून बरणी काठोकाठ भरून फिरकीचं झाकण लावतो. झाकणाला खिळ्यानं पाच-सहा भोकं पाडली आहेत. बरणी देवघराशेजारच्या कोनाड्यात असते. रोज सकाळी सगळं पाणी बदलतो, बरणी भांड्यांच्या साबणानं लख्ख घासतो. तरी आठ-दहा दिवस झाले, तो तळाशी पडून असतो. मधूनच बाणासारखा वर येतो, झाकणाला तोंड लावतो आणि पुन्हा खाली. शेजारचे म्हणतात पंप लावा. ही म्हणते, मुक्या जिवाचे हाल नकोत, माहुलीला नेऊन कृष्णेत सोडा आणि माझी बरणी मोकळी करा. एकटा कंटाळला असेल तर जोडीदार आणू का?
— एक आजोबा, सातारा

उत्तर :

काका, पुढचं वाचायच्या आधी उठा. झाकण काढा आणि बरणीतलं चार बोटं पाणी कमी करा. मांजराची भीती असेल तर तोंडावर मच्छरदाणीचा तुकडा रबरानं बांधा. झालं? आता खुर्चीत बसून बाकीचं वाचा.

ही घाई करायला कारण आहे. लग्नाआधी आमच्या सांगलीच्या घरी मीही एक लाल फायटर पाळला होता. आमच्याकडेही मांजर होतं. एका रात्री मी टाकी काठापर्यंत भरली आणि वर खिडकीची काच आडवी सरकवून निवांत झोपले. काच आणि पाणी यांच्यात बोटभरही जागा नव्हती. सकाळी मासा काचेला तोंड लावून मेलेला. बाबांनी बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मासा बुडून मेला असं कुणाला सांगू नकोस, लोक वेड्यात काढतील." पण तो खरंच बुडून मेला होता.

दुकानदार खोटं बोलला नाही, त्यानं अर्धंच सांगितलं. फायटरला इतर माशांसारखे कल्ले असतात, पण कल्ल्यांच्या वर, डोक्याच्या दोन्ही बाजूंना, एकेक पोकळी असते. त्या पोकळीत हाडाचे पातळ, दुमडलेले पडदे असतात आणि त्यांवर रक्तवाहिन्यांनी भरलेली नाजूक त्वचा. चिरोट्याचे पापुद्रे डोळ्यांसमोर आणा: एवढ्याशा जागेत किती पृष्ठभाग मावतो! मासा वर येतो, तोंडानं हवेचा घोट घेतो, ती हवा या पापुद्र्यांत जाते आणि तिथून प्राणवायू थेट रक्तात उतरतो. नीट बघितलंत तर नवा घोट घेताना जुन्या हवेचा बारीक बुडबुडा कल्ल्याच्या झाकणाखालून निसटताना दिसेल. या पोकळीतल्या अवयवाला लॅबिरिंथ म्हणतात, म्हणजे चक्रव्यूह. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाला तो नसतो, तीन-चार आठवड्यांनी तयार होतो. मोठ्या फायटरला मात्र त्याच्यावाचून चालत नाही. नुसत्या कल्ल्यांवर त्याचं भागत नाही, वर येऊन हवा मिळाली नाही तर तो गुदमरतो. म्हणून पाणी आणि झाकण यांच्यात कायम दोन-अडीच इंच मोकळी जागा हवी. तुमच्या निळोबाला खिळ्याच्या भोकांतून मिळेल तेवढ्यावर दिवस काढावे लागत होते. तो झाकणाला तोंड लावत होता, ते त्यासाठी.

ही युक्ती आपल्याला परकी नाही. बाजारात मरळ बघितली असेल. घमेल्यात पाठ जेमतेम भिजेल एवढं पाणी, तरी कोळीण सकाळी घेऊन बसलेली मरळ दुपारपर्यंत जिवंत असते आणि मधूनमधून तोंड वर काढते. तिचं कुळ वेगळं, पण हवा पिण्याची सोय तशीच. मागूरचंही तेच. आटत्या डोहात, चिखलाच्या पाण्यात टिकायचं तर असं काहीतरी लागतंच, कारण पाण्यात प्राणवायू फार थोडा असतो. २५ अंशांच्या चांगल्या, स्वच्छ पाण्यातही लिटरला फार तर ८ मिलिग्रॅम. तेवढ्याच हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. पाणी तापलं आणि सडलं की ते आठही राहत नाहीत.

फायटरचं मूळ गाव थायलंड. तिथं त्याला 'प्ला कात' म्हणतात, म्हणजे चावरा मासा. २०१९ साली त्या देशानं त्याला राष्ट्रीय जलचर ठरवलं. तो राहतो भातखाचरांत, दलदलीत, संथ ओढ्यांत. यावरूनच 'हा डबक्यातला मासा, याला काय लागतं' असं लोक म्हणतात, आणि इथंच घोळ होतो. पावसाळ्यात पाटण किंवा जावळीकडची खाचरं आठवा. पाणी गुडघ्याएवढंही नसतं, पण पसरलेलं असतं या बांधापासून त्या बांधापर्यंत. पाणी उथळ आहे म्हणजे थोडं आहे, असं नव्हे.

आता दुकानदारानं न सांगितलेलं अर्धं. मासा प्राणवायू वरून घेत असला, तरी घाण पाण्यातच टाकतो. विष्ठेचं तर आहेच, पण माशाच्या अंगातला अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून पाण्यात जातो. कार्बन डायऑक्साइडही बराचसा तिथूनच. वरच्या खिडकीतून हवा आत येते, पण मोरी खालीच आहे आणि ती तुंबली तर खिडकीचा काही उपयोग नाही. दोन लिटरच्या बरणीत ती लवकर तुंबते. अमोनियानं कल्ले भाजल्यासारखे होतात, लालसर दिसतात, मासा पर मिटून तळाशी बसतो. दुकानातल्या छोट्या पेल्यांमध्ये हे मासे जिवंत दिसतात ते लॅबिरिंथच्या जोरावर. त्याला मजेत राहणं म्हणायचं नाही.

मग तुम्ही म्हणाल, मी तर रोज पाणी बदलतो. काका, तुमची निष्ठा मोठी, पण त्याला त्रास त्यातूनच होतोय. एक म्हणजे साबण. कितीही विसळलं तरी काचेला थोडा राहतो आणि माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर व कल्ल्यांची त्वचा यांना तो मारक असतो. दुसरं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. पाण्यात टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर, जास्त पडली की आपल्याला नुसता वास येतो, त्याचे कल्ले पोळतात. तिसरं, रोज सकाळी नवं थंड पाणी म्हणजे तापमानाचा झटका.

चौथी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. जुन्या टाकीत काही जिवाणू वस्तीला येतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात आणि नायट्रेट माशाला पुष्कळ सोसतं. काकूंना हे लगेच कळेल, कारण हा सगळा विरजणाचा मामला आहे. विरजण लागायला वेळ लागतो, इथं चार ते सहा आठवडे, थंडीत थोडे जास्तच. तुम्ही मात्र रोज विरजण लागायच्या आतच भांडं घासून टाकताय.

म्हणून आजपासून ती बरणी बंद. टाकी येईपर्यंत कधीही साबण न लागलेला नवा प्लॅस्टिकचा टब आणा, वीसेक लिटरचा, अर्धा-पाऊण भरा आणि वर जाळी टाका. उडी मारतो हे तुम्ही ऐकलंत ते खरं आहे.

टाकी फार मोठी लागत नाही. १५ इंच लांब, ९ इंच रुंद आणि १० इंच उंच घ्या. आठ इंचांपर्यंत पाणी भरलंत की साडेसतरा लिटरच्या आसपास होतं, आणि वर दोन इंच त्याच्या श्वासाला राहतात. उंच, निमुळती, फुलदाणीसारखी काच दुकानदार दाखवेलच, घेऊ नका. नराचे पर जड असतात. प्रत्येक घोटासाठी त्याला तो सगळा पसारा घेऊन वर चढावं लागतं, थकला-भागला असेल तर उथळ पाणी बरं. पाणी, काच, तळाची वाळू मिळून पंचवीसेक किलो वजन होईल. टीव्हीच्या शोकेसच्या काचेवर ठेवू नका, दगडी कट्ट्यावर किंवा मजबूत टेबलावर ठेवा.

आता पंप. शेजाऱ्यांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. निळोबाच्या श्वासासाठी पंप नको, पण विरजणाला भांडं हवं, आणि ते भांडं म्हणजे स्पंज फिल्टर. छोट्या हवेच्या पंपावर चालतो. नळीवरचा कोक आवळून बुडबुडे अगदी हळू करा. जोराचा प्रवाह असला की फायटर दिवसभर त्याच्याशी झगडत बसतो. दुकानदाराच्या जुन्या टाकीतला स्पंजाचा तुकडा मिळाला तर मागून घ्या, ते आयतं विरजण. मात्र त्या टाकीतले मासे ठणठणीत असले तरच. स्पंज नळाखाली कधी धुवायचा नाही. टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोन-तीनदा पिळायचा. आणि वीज गेली तर घाबरायचं कारण नाही. गोल्डफिश पंपाविना धापा टाकायला लागतो, निळोबा वर येऊन आपला घोट घेईल.

थंडीचं मात्र मनावर घ्या. त्याला २४ ते २८ अंश लागतात. डिसेंबर-जानेवारीत साताऱ्याची पहाट बारा-तेरा अंशांपर्यंत उतरते. जुन्या दगडी भिंतींच्या घरात पाणीही गारठतं. तळाशी पडून राहण्याचं निम्मं कारण मला तरी हेच वाटतं. थर्मोस्टॅटवाला हीटर घ्या. एवढ्या पाण्याला २५ वॉटचा चालतो, पण साताऱ्याच्या थंडीला मी ५० वॉटचा घेईन. २६ वर लावून ठेवा आणि सोबत साधा थर्मामीटर ठेवा, हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका. पाणी काढायच्या आधी हीटर बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, नाहीतर उघडा पडलेला तापलेला हीटर तडकतो. झाकणाचा इथं आणखी एक उपयोग आहे: पाण्यावरची हवा ऊबदार आणि दमट राहते. तीच तो ओढणार असतो.

यावरून देवघर. हा मासा खोलीतली हवा पितो हे एकदा लक्षात आलं की कोनाडा का नको ते वेगळं सांगायला नको. धूप, उदबत्ती, निरांजनाची काजळी यांचा तवंग पाण्यावर बसतो. त्याहून वाईट म्हणजे डासांच्या वड्या आणि लिक्विडची मशिनं. त्यांतलं औषध माणसाला फारसं काही करत नाही, पण माशांना ते अगदी थोडंही जहर असतं. तुम्ही रात्री ते लावता की नाही ते पत्रात नाही, पण सातारा असो की सांगली, कोण लावत नाही? त्या खोलीत टाकी नको, एवढंच. पाण्यावर कधी तेलकट तवंग दिसला तर छापील शाई नसलेला साधा कोरा कागद अलगद टेकवून उचलायचा, तवंग त्याला चिकटून येतो. पण थुंकीसारखा बारीक बुडबुड्यांचा फेस एका कोपऱ्यात जमला तर तो काढू नका. ते त्याचं घरटं. नर अंड्यांसाठी असा फेस करतो, मादी नसली तरी करतो.

पाण्याचं वेळापत्रक असं ठेवा. टाकी नवी असताना पहिला महिनाभर एक दिवसाआड एक पंचमांश पाणी बदला, म्हणजे साडेतीन लिटर. पुढे आठवड्यातून एकदा चार-पाच लिटर पुरे. सगळं पाणी कधीच काढायचं नाही. नळाचं पाणी बादलीत चोवीस तास उघडं ठेवा किंवा दुकानात क्लोरीन मारायचे थेंब मिळतात ते घाला. घालताना थोडं गरम पाणी मिसळून थर्मामीटरवर टाकीएवढंच करा. कास तलावाचं पाणी येत असेल तर उत्तम, बोअरच्या पाण्यापेक्षा ते मऊ. कुठल्या पाण्यात डाळ लवकर शिजते ते काकूंना विचारा, तेच घ्या.

जमलं तर देशी बदामाचं एक पान टाका. शाळांच्या मैदानांत, जुन्या वाड्यांच्या अंगणांत हे झाड असतं. आपणच गळून पडलेलं, वाळून तपकिरी झालेलं पान धुवून सोडायचं, हिरवं तोडायचं नाही, आणि औषध फवारलेल्या जागेतलंही नको. पाणी कोऱ्या चहासारखं होतं. सुरुवातीला पान वर तरंगतं, तेव्हा हे मासे त्याच्याखाली जाऊन विसावतात, पृष्ठभागाच्या अगदी जवळ, म्हणजे श्वासाला कष्ट नकोत. मला ते बघायला फार आवडतं. पाण्याला टॅनिन मिळतं हे खरं, पण सगळ्या रोगांवर पान हा इलाज, असं कुणी सांगितलं तर मान डोलवून पुढे चला. नदीतली जलपर्णी किंवा शेवाळ मात्र आणू नका, सोबत काय काय येईल सांगता येत नाही.

खाण्याचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, त्यावरून काकू चपातीचा चुरा टाकत असाव्यात असा माझा अंदाज आहे. चुकला असेल तर माफी. फायटर मांसाहारी असतो, किडे आणि डासांच्या अळ्या खाणारा. त्याच्यासाठीचे बारीक दाणे मिळतात, सकाळी दोन-तीन आणि संध्याकाळी दोन-तीन पुरे. त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढंच असतं असं समजा. उरलेला दाणा पाच मिनिटांनी काढून टाकायचा, नाहीतर तोच सडून अमोनिया होतो. आठवड्यातून एक दिवस काही घालू नका. एकादशी पंधरा दिवसांनी येते, याला दर आठवड्याला धरा.

जोडीदार नको. नाव फायटर आहे ते उगाच नाही. दुसरा नर दिसला की कल्ल्यांची झाकणं फुलवून तो अंगावर जातो, दोघांतला एक फाटतो. मादीलाही तो अंडी घालण्यापुरताच जवळ करतो आणि नंतर हुसकावतो. तो एकटाच बरा.

आणि माहुली. काकूंचा जीव तुटतो ते खरं आहे, पण कृष्णा-वेण्णेच्या संगमावर त्याला सोडणं ही सुटका नव्हे. असा निळाशार, लांब परांचा, सावकाश पोहणारा मासा खंड्याला पहिल्याच तासात दिसेल. वाचला तर हिवाळ्याच्या थंड पाण्यात आखडेल. आणि त्याच्या अंगावर काही रोग असेल तर तो नदीतल्या आपल्या माशांना. परदेशी मासा नदीत सोडायचा नाही, मग तो एकटा असो की शंभर.

टाकी लागली की एक काम मी तुम्हाला मुद्दाम देते, बँकेतल्या माणसाला ते आवडेल. रोज एकाच वेळी, सकाळच्या चहानंतर म्हणा, दहा मिनिटं टाकीसमोर बसा आणि तो किती वेळा वर येतो ते वहीत मांडा. शेजारी पाण्याचं तापमान लिहा. पाणी गरम असेल तेव्हा आकडा थोडा वाढेल, ते साहजिक आहे. पण तापमान तेच असताना आकडा एकदम चढला, किंवा तो पृष्ठभागालाच लटकून राहिला, तर आधी पाणी नासलंय असं धरा आणि त्याच दिवशी चौथा हिस्सा बदला. अमोनिया तपासायचं किट मिळालं तर पहिल्या महिन्यात जवळ असू द्या. त्यात तो शून्य दिसायला हवा. जिवाणू बसलेल्या, हीटर लावलेल्या टाकीतही आठवडाभरात तो तळाचा उठला नाही, किंवा अंगावर कापसासारखं काही, पोट फुगणं, खवले उभे राहणं असं दिसलं, तर फोटोसह पुन्हा लिहा. दुकानातल्या निळ्या-पिवळ्या औषधांच्या बाटल्या अंदाजानं ओतू नका. नीट ठेवलेला फायटर दोन-चार वर्षं जगतो, तेव्हा नातवाच्या पुढच्या दोन-तीन दिवाळ्या तरी निळोबा तुमच्याकडेच असेल असं धरून चाला.

त्याला बरणीतून टबात हलवताना बरणीच पाण्यात अर्धी बुडवून वीसेक मिनिटं ठेवा, अधूनमधून टबातलं वाटीभर पाणी बरणीत घाला, मग हातानं न पकडता बरणी आडवी करा आणि त्याला आपण होऊन बाहेर येऊ द्या. बरणी रिकामी झाली की काकूंना परत द्या. माशानं महिनाभर वापरलेल्या बरणीत त्या पुन्हा लोणचं घालतील का, ते मात्र तुमचं तुम्ही बघा.